राखीव ई-मेलची जबाबदारी कोणाची?

जुलै २०२५च्या अखेरच्या आठवड्यात नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीला आपल्याच ई-मेलपासून वंचित राहावे लागले. गुजरातमधील वाडीनार येथे वर्षाला सुमारे दोन कोटी टन तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेल्या या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा आहे. युरोपीय महासंघाने १८ जुलै रोजी कंपनीवर निर्बंध जाहीर केले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवा थांबविल्या. सेवेचे पैसे आधीच भरलेले असताना ती एकतर्फी बंद करण्यात आली, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मधल्या काळात कामकाज अडू नये म्हणून तिने रेडिफकडून ई-मेलची पर्यायी सोय करून घेतली. न्यायालयात सुनावणी होण्याच्या सुमारास मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केल्या आणि तो वाद तेथेच संपला.

नायराकडे वकिलांची फौज होती आणि चार दिवसांत दुसरी व्यवस्था उभी करण्याची ऐपतही होती. चाकण, भोसरी किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील पंधरा-वीस माणसांच्या कारखान्याकडे यांपैकी काहीच नसते. तेथे मागणीपत्रे, बँकेची पत्रे, निविदांचे खुलासे आणि कर खात्याच्या नोटिसा एकाच ई-मेल पत्त्यावर येतात. तो पत्ता एखाद्या सोमवारी सकाळी मुका झाला, तर दाद मागायला जवळचा माणूस कोण? बहुतेकांच्या बाबतीत तो इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी असतो. महिन्याचे बिल त्याचे, दुरुस्तीला येणारा माणूसही त्याचाच. म्हणूनच व्यावसायिक ग्राहकांना जोडणीबरोबर राखीव मेल सर्व्हरही इंटरनेट सेवापुरवठादारांनी द्यावा काय, हा जुनाच प्रश्न पुन्हा विचारण्याजोगा झाला आहे.

जुना अशासाठी, की एके काळी या प्रश्नाला अर्थच नव्हता. ई-मेल सेवापुरवठादाराकडेच साठविले जाई आणि कार्यालय ते जाऊन घेऊन येई. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यावर मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून पत्रांची ने-आण होत असे, ती दूरध्वनीवरून ठरावीक वेळी जोडणी करून. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाही कार्यालयाचा संगणक चोवीस तास जोडलेला असणे ही चैनच होती. कार्यालयाची जोडणी सुरू झाली की सेवापुरवठादाराच्या सर्व्हरला ‘आमची साठलेली पत्रे आता पाठवा’ असे सांगणारी एक आज्ञाही १९९६मध्ये प्रमाणित करण्यात आली होती. तात्पर्य, राखीव सर्व्हर ही जादा सोय नव्हती. व्यवस्थेचा तो कणाच होता.

पुढे ब्रॉडबँड आले, जोडणी अखंड झाली, आणि बहुसंख्य कार्यालयांनी मेल सर्व्हर स्वतःकडे ठेवण्याऐवजी गुगल वा मायक्रोसॉफ्टकडे सोपविला. सेवापुरवठादारांनाही ई-मेल ही कटकट वाटू लागली. अमेरिकेत व्हेरायझनने २०१७मध्ये आपली ई-मेल सेवा बंद केली. ऑस्ट्रेलियातील टीपीजी समूहाने २०२३मध्ये आपल्या ग्राहकांचे ई-मेल दुसऱ्या कंपनीच्या हवाली केले, तर कॉमकास्टने २०२५मध्ये ते याहूकडे वळविण्यास सुरुवात केली. जगभर जी जबाबदारी सेवापुरवठादार अंगावरून झटकत आहेत, तीच त्यांच्या गळ्यात पुन्हा घालावी असे म्हणताना कारणे भक्कम हवीत.

राखीव सर्व्हर नेमके काय करतो, हे आधी पाहिले पाहिजे. प्रत्येक डोमेनच्या नोंदीत त्या डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरवर उतरवायची याची यादी असते व प्रत्येक नावापुढे एक क्रमांक असतो. पाठविणारा सर्व्हर सर्वांत लहान क्रमांकाचे दार आधी ठोठावतो. तेथून उत्तर आले नाही तर पुढच्या क्रमांकाकडे वळतो. हे दुसरे दार म्हणजे राखीव सर्व्हर. तो पत्र स्वीकारतो, रांगेत ठेवतो आणि मुख्य सर्व्हर जागा झाला की त्याच्याकडे पोचवितो. शेजाऱ्याने कुरियर घेऊन ठेवावे, तशातला हा प्रकार.

यावर तंत्रज्ञांचा आक्षेप असा, की शेजाऱ्याची गरजच काय? दार बंद दिसले म्हणून टपाल नष्ट होत नाही. ई-मेलच्या प्रमाणित नियमांनुसार पाठविणाऱ्या सर्व्हरने साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने पुन्हा प्रयत्न करावयाचे असतात आणि चार ते पाच दिवसांपर्यंत हार मानावयाची नसते. मुख्य सर्व्हर दोन दिवस बंद पडला, तरी तिसऱ्या दिवशी सारी पत्रे आपोआप येऊन पडतील. हा युक्तिवाद बरीच वर्षे बिनतोड मानला गेला.

परंतु पाठविणाऱ्यांचा संयम आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पोस्टफिक्स हे अनेक सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर आजही मूळ मांडणीत पाच दिवस वाट पाहते. मायक्रोसॉफ्टची एक्स्चेंज ऑनलाइन ही सेवा मात्र चोवीस तासांतच पत्र परत करते, आणि पाठविणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकाला ही मुदत बारा तासांपर्यंत खाली आणता येते. देशातील मोठ्या कंपन्यांचा किती पत्रव्यवहार या सेवेवरून चालतो, हे लक्षात घेतले तर अडचण उघड होते. शनिवारी दुपारी कारखान्यातील सर्व्हर बंद पडला आणि सोमवारी सकाळी तो कोणाच्या लक्षात आला, तर मधल्या काळातील पत्रे पाठविणाऱ्याकडे परत गेलेली असतील. दिवाळीच्या सुट्टीत काय होईल, ते सांगायला नकोच.

एवढ्यावरून राखीव सर्व्हर हवाच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण जे राखीव सर्व्हर एके काळी जोडणीबरोबर जवळपास फुकट दिले जात, त्यांचा इतिहास फारसा गौरवास्पद नाही. नको असलेल्या जाहिरातींचा मारा करणाऱ्यांनी हे दुसरे दार फार लवकर हेरले. मुख्य सर्व्हरवर कडक चाळणी, पण राखीव सर्व्हरवर पहारेकरी ढिला, हे ठाऊक झाल्यावर ते पहिल्या दाराकडे जातच नसत. थेट मागच्या दाराने येत. त्यातही, कंपनीत कोणकोणते पत्ते खरोखर अस्तित्वात आहेत याची यादी राखीव सर्व्हरकडे नसल्याने तो आलेले सर्व काही स्वीकारी. पुढे मुख्य सर्व्हरने ते नाकारले की ‘पत्र पोचले नाही’ अशी सूचना तो पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर धाडी. तो पत्ता अर्थातच खोटा, म्हणजे दुसऱ्या कोणा निरपराध माणसाचा असे. अशा सूचनांचा पूर सुरू झाला की राखीव सर्व्हरच काळ्या यादीत जाई आणि मुख्य सर्व्हर चालू असूनही कंपनीची बदनामी होई.

यात आणखी एक तांत्रिक मेख आहे. पत्र खरोखर त्याच कंपनीच्या सर्व्हरवरून निघाले काय, याची पडताळणी आता सर्रास होते. पत्र राखीव सर्व्हरवरून मुख्य सर्व्हरकडे आले की ते अनोळखी ठिकाणाहून आल्यासारखे दिसते. दोन्ही सर्व्हरमध्ये आधी नीट समझोता केलेला नसेल, तर बँकेचे अस्सल पत्रही संशयित म्हणून बाजूला पडू शकते. गुगल तर आपल्या व्यावसायिक ग्राहकांना पत्रे उतरविण्याच्या नोंदीत इतर कोणाचे सर्व्हर ठेवू नका, असेच सांगते.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. गेल्या काही वर्षांत ई-मेल ठप्प झाल्याच्या ज्या मोठ्या घटना घडल्या, त्यांत हे दुसरे दार जवळजवळ निरुपयोगी ठरले असते. १४ डिसेंबर २०२० रोजी गुगलच्या सेवांमध्ये लोकांना प्रवेशच करता येईना. ओळख पटविणारी यंत्रणा बंद पडली होती. खातेदार बाहेर उभा आणि खोलीला कुलूप, अशी स्थिती. दुसऱ्याच दिवशी जीमेलच्या सर्व्हरने काही तास भलतेच उत्तर देण्यास सुरुवात केली : ‘असा खातेदार अस्तित्वात नाही’. सर्व्हर बंद असता तर पाठविणाऱ्याने पुन्हा प्रयत्न केला असता. येथे मुख्य दार उघडून आतून कोणी ‘असा माणूस येथे राहत नाही’ असे ठामपणे सांगत होते. अशा वेळी कोणीही दुसरे दार ठोठावत नाही.

१ जानेवारी २०२२ रोजी अनेक कंपन्यांनी स्वतःच्या जागेत ठेवलेले एक्स्चेंज सर्व्हर अडले, तेही असेच. नव्या वर्षाच्या तारखेचा आकडा व्हायरस तपासणाऱ्या भागाच्या मोजणीत मावेना आणि स्वीकारलेली पत्रे आतल्या रांगेत अडकून पडली. कारण हास्यास्पद होते, पत्रे मात्र खरीच होती.

सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील रॅकस्पेस कंपनीचे. लहान-मध्यम कंपन्यांना भाड्याने मेल सर्व्हर देणाऱ्या तिच्या सेवेवर २ डिसेंबर २०२२ रोजी खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. या सेवेचे सुमारे ३० हजार ग्राहक होते. हल्लेखोरांनी त्यांपैकी २७ ग्राहकांचे साठविलेले ई-मेल हाताळल्याचे कंपनीने नंतर सांगितले. पण पत्रव्यवहार सर्वांचाच थांबला. रॅकस्पेसने ती सेवा पुन्हा उभी न करण्याचा निर्णय घेतला व ग्राहकांना मायक्रोसॉफ्टकडे वळविले. नवी पत्रे काही दिवसांत सुरू झाली. जुनी मात्र अनेकांना दीर्घकाळ मिळाली नाहीत. या ग्राहकांकडे एखाद्या तिऱ्हाईताकडील राखीव सर्व्हर असता, तर नवी पत्रे तेथे साठली असती. पण ती साठली आहेत एवढ्यानेच काय साधले असते? ज्या मुख्य सर्व्हरकडे ती पोचवावयाची, तो पुन्हा कधीच उभा राहिला नाही.

‘राखीव मेल सर्व्हर’ या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, त्या येथे वेगळ्या कराव्या लागतात. एक फक्त पत्रे साठविते. दुसरीत मुख्य सेवेकडे येणाऱ्या पत्राची प्रत त्याच वेळी राखीव ठिकाणीही उमटते आणि मुख्य सेवा बंद पडताच कर्मचाऱ्यांना तेथील खिडकी उघडून पत्रे वाचता येतात, उत्तरेही देता येतात. पहिली स्वस्त आहे, कारण ती फारसे काही करत नाही. दुसरीला साठवण लागते, पत्त्यांची अद्ययावत यादी लागते, पहिल्याइतकीच कडक चाळणी लागते आणि रात्री दोन वाजता दूरध्वनी उचलणारा माणूस लागतो. सेवापुरवठादारांनी व्यावसायिक ग्राहकाला काही द्यायचेच असेल, तर ते हे दुसरे असावे. पहिले देण्यापेक्षा काहीच न देणे बरे.

हे विधान टोकाचे वाटेल. पण त्यामागे तंत्राइतकाच कायद्याचाही भाग आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम १३मध्ये इलेक्ट्रॉनिक पत्र ‘मिळाले’ असे कधी समजावे, हे सांगितले आहे. पाठविणारा व घेणारा यांच्यात वेगळे काही ठरलेले नसेल आणि घेणाऱ्याने आपली संगणक यंत्रणा नेमून दिलेली असेल, तर पत्र त्या यंत्रणेत शिरले त्या क्षणी ते मिळाले असे मानले जाते. ते उघडले की नाही, वाचले की नाही, याला तेथे महत्त्व नाही. आता कंपनीने स्वतःच्या डोमेनच्या नोंदीत सेवापुरवठादाराचा राखीव सर्व्हर स्वतःहून लिहिलेला असेल, तर तोही तिने नेमून दिलेल्या यंत्रणेचाच भाग आहे, असा युक्तिवाद समोरच्या पक्षाला सहज करता येईल. म्हणजे राखीव सर्व्हरने पत्र स्वीकारले, पाठविणाऱ्याला पोच मिळाली, मुदतीचे घड्याळ सुरू झाले. आणि ज्याच्या नावाने ते पत्र आहे तो मात्र मुख्य सर्व्हर दुरुस्त होईपर्यंत ते वाचू शकत नाही.

राखीव सर्व्हर नसता तर काय झाले असते? पत्र परत गेले असते आणि ते पोचले नाही हे पाठविणाऱ्याला कळले असते. कदाचित त्याने दूरध्वनी केला असता; निदान वाद झाल्यास परत आलेल्या पत्राचा पुरावा राहिला असता. केवळ साठवण करणारा राखीव सर्व्हर ग्राहकाचा हा बचावही काढून घेतो. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर नोटीस पाठविणे, हा ती बजावण्याचा एक वैध मार्ग आहे. निविदेतील खुलाशाला उत्तर देण्याची मुदत तर अनेकदा दिवसांत नव्हे, तासांत मोजली जाते. छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने सर्वांत महाग पडणारे हेच कलम आहे, आणि राखीव सर्व्हर विकणाऱ्याच्या जाहिरातीत ते सहसा नसते.

मग ही पूर्ण स्वरूपाची सेवा सेवापुरवठादारानेच का द्यावी? ती देणाऱ्या स्वतंत्र कंपन्या आहेत. हौशी तंत्रज्ञ घरगुती जुगाडही करून देतात. सेवापुरवठादाराच्या बाजूने दोन गोष्टी बोलतात. एक म्हणजे तो मुख्य ई-मेल देणाऱ्यापासून वेगळा असतो. नायराचे प्रकरण असो वा रॅकस्पेसचे, धडा एकच आहे : ज्याच्या हाती मुख्य किल्ली, त्याच्याच हाती राखीव किल्ली असून उपयोग नाही. दुसरी म्हणजे सेवापुरवठादाराला सरकारचा परवाना असतो, त्याचे कार्यालय याच देशात असते आणि त्याच्याविरुद्ध येथेच दाद मागता येते. परदेशातील निर्बंधांचा आदेश त्याला सहसा लागू होत नाही. हे बलस्थान लहान नव्हे.

विरुद्ध बाजूही तेवढीच खरी आहे. जोडणी देणाराच राखीव सर्व्हर देत असेल, तर त्याचे जाळे कोसळल्यावर दोन्ही एकदम जाण्याचा धोका असतो. मुंबईकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा वीज आणि दूरध्वनी यांनी एकमेकांची साथ सोडली नाही. दोन्ही बरोबरच गेले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीजवाहिन्यांतील बिघाडाने मुंबई आणि परिसर काही तास अंधारात गेला. राखीव सर्व्हर त्याच शहरात, त्याच वीजमंडळावर आणि त्याच केबलच्या टोकाला असेल, तर तो नुसता नावाचाच राखीव. मुंबईच्या ग्राहकाची प्रत हैदराबादला किंवा नोएडाला असली पाहिजे आणि तसे करारात गावाच्या नावासह लिहिलेले असले पाहिजे. ‘सुरक्षित डेटा सेंटर’ एवढे शब्द पुरेसे नाहीत.

गोपनीयतेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. साठवण करणाऱ्या सर्व्हरवर पत्रे काही तास राहतात. प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर कंपनीचा सारा पत्रव्यवहार कायमचा जमा होतो. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सेवापुरवठादारांना यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस भारतातच जपून ठेवाव्या लागतात आणि सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत द्यावी लागते. पत्र नेमके केव्हा आले हे सिद्ध करताना याच नोंदी ग्राहकाच्या उपयोगी पडू शकतात. पण त्याच नोंदी आणि ती पत्रे सेवापुरवठादाराच्या कोणत्या कर्मचाऱ्याला पाहता येतात, मागणीवरून कोणाला दिली जातात आणि करार संपल्यावर किती दिवसांत पुसली जातात, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. किल्ली ग्राहकाकडेच ठेवून प्रती कुलूपबंद करता येतात. तसे केल्यास सेवा महाग होते. ती महाग असावीच. फुकट मिळालेल्या राखीव सर्व्हरची देखभालही फुकटातलीच होते, हा अनुभव नवा नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ही सेवा सक्तीची करावी, अशी सूचना एखाद्या उद्योजक संघटनेकडून आल्यास आश्चर्य वाटू नये. ती मान्य होऊ नये. सक्ती झाली तर प्रत्येक सेवापुरवठादार सर्वांत स्वस्त प्रकार, म्हणजे नुसती साठवण करणारा सर्व्हर, देऊन मोकळा होईल आणि आधीच सांगितलेली सारी दुखणी घाऊक प्रमाणात परत येतील. गावोगावच्या छोट्या केबलचालक-सेवापुरवठादारांना तर हा भार पेलणारही नाही. नियामकाने करायचेच असेल तर एवढे करावे, की ‘राखीव ई-मेल’ या नावाने जे विकले जाते ते पत्र नुसते साठविते की वाचूही देते, हे बिलावर आणि करारावर स्पष्ट छापणे बंधनकारक करावे.

या साऱ्याच्या मुळाशी असलेली एक बाब मात्र सेवापुरवठादाराच्या हातात नाही. डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याच्या नोंदी बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे? नेट४ इंडिया ही डोमेन नोंदणी, होस्टिंग व ई-मेल सेवा देणारी कंपनी २०१९मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोमेनचे नूतनीकरण होत नाही, ते दुसरीकडेही नेता येत नाही, अशा ग्राहकांच्या तक्रारी वाढत गेल्या. अखेर २०२१मध्ये ‘आयकॅन’ या जागतिक संस्थेने तिची मान्यता काढून घेतली आणि ग्राहकांची डोमेन दुसऱ्या नोंदणीकाराकडे सोपविली. त्या काळात ज्याचे डोमेन अडकले, त्याला दहा राखीव सर्व्हरही वाचवू शकत नव्हते. त्यांच्याकडे जाणारी वाट सांगणारी पाटीच त्याच्या ताब्यात नव्हती. आजही अनेक छोट्या कंपन्यांचे डोमेन संकेतस्थळ बनवून देणाऱ्या माणसाच्या नावावर असते, आणि तो माणूस कधीच दुसऱ्या शहरात गेलेला असतो.

राखीव सेवा घेणाऱ्याने करार करण्यापूर्वी एका रविवारी सकाळी चाचणी मागावी. मुख्य सेवेकडील वाट तासभर बंद करावी, बाहेरच्या पत्त्यावरून तीन पत्रे पाठवावीत : एक खऱ्या कर्मचाऱ्याच्या नावाने, एक अस्तित्वात नसलेल्या नावाने आणि एक जोडपत्रासह. पहिले किती मिनिटांत वाचता आले, दुसरे दारातच नाकारले गेले की निमूटपणे आत घेतले गेले, तिसरे उघडून त्याच खिडकीतून उत्तर धाडता आले काय, आणि दुपारी मुख्य सेवा सुरू झाल्यावर ही पत्रे एकदाच आली की दोनदा, हे कागदावर लिहून घ्यावे. त्या कागदावर सेवापुरवठादाराच्या प्रतिनिधीची सही घ्यावी आणि तो करारालाच जोडावा.